टॅम्पा बेचा मैदानाबाहेरचा उन्हाळा (२०२०)

चौथा_डाउन (धागाकर्ता)

नमस्कार. अमेरिकन फुटबॉल नियमितपणे पाहणारी मंडळी येथे मोजकीच असली, तरी जी आहेत ती मुरलेली आहेत, म्हणून बरेच दिवस मनात घोळणारा एक प्रश्न मांडतो.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे एकेक व्यवहार ठप्प होत असताना एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) नवे वर्ष मात्र ठरल्याप्रमाणे १८ मार्चला सुरू झाले. दोनच दिवसांनी टॉम ब्रेडीने टॅम्पा बे बकनिअर्सशी दोन वर्षांचा, ५ कोटी डॉलरचा करार केल्याचे जाहीर झाले. न्यू इंग्लंडकडून वीस हंगाम खेळून सहा विजेतेपदे मिळवलेला हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) तेव्हा ४२ वर्षांचा होता. त्याला घेणारा संघ २००७ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेरीत) पोहोचलेला नव्हता. आदल्या हंगामात त्यांनी ७ सामने जिंकून ९ गमावले होते आणि त्यांच्या जेमिस विन्स्टनने ३३ टचडाउनबरोबर (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकापर्यंत नेला की मिळणारे सहा गुण) ३० वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला होता. त्यानंतर आठवडाभरातच सर्व संघांची सराव केंद्रे बंद झाली. २० एप्रिलपासून जून अखेरीपर्यंत जे काही शिकवणे झाले ते पडद्यावर झाले, आणि ऑगस्टमधील चारही पूर्वहंगामी सामने रद्द झाले.

तेव्हाचे सर्वमान्य भाकीत असे होते की ज्या संघांचा प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक जुनाच आहे त्यांना या परिस्थितीचा लाभ होईल आणि नव्याने मांडामांड करणारे मागे पडतील. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच टॅम्पाने कॅन्सस सिटीला ३१-९ असे हरवून सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकला. मग माझा प्रश्न असा आहे की प्रत्यक्ष सरावावाचून विजेतेपद मिळत असेल, तर दरवर्षी एप्रिल ते जून चालणारा तो सगळा खटाटोप नेमका कशासाठी असतो? माझे प्रामाणिक मत विचाराल तर त्यातला बराचसा भाग प्रशिक्षकांच्या समाधानासाठी असतो.

कुंपणावरचा

धागा वाचतो आहे. एक अज्ञानमूलक प्रश्न विचारतो. हंगाम संपल्यावर हे खेळाडू एरवी काय करतात? मला वाटत होते की फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत ते मासे पकडतात.

जुनी_खेळी

कुंपणावरचा, काही जण खरोखरच मासे पकडतात, पण एप्रिलपासून नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम असतो. पहिले दोन आठवडे केवळ व्यायाम आणि बैठका होतात, पुढील तीन आठवड्यांत मैदानावर कवायतीसारखा सराव चालतो, आणि शेवटच्या चार आठवड्यांत दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या करून दहा दिवस सराव घेता येतो. मात्र त्यात अंगावर जाऊन पाडापाडी करण्यास मनाई असते. हे सर्व कागदोपत्री ऐच्छिक आहे. जूनमधले एक छोटे शिबिर तेवढे सक्तीचे असते. "ऐच्छिक" या शब्दाचा अर्थ करार पक्का नसलेल्या खेळाडूला विचारावा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. धागाकर्त्यांनी २०२० हे जणू पहिलेच उदाहरण असल्यासारखे मांडले आहे, पण तसे नाही. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या वादात १२ मार्चपासून २५ जुलैपर्यंत टाळेबंदी होती, तीही शब्दशः, कारण मालकांनीच दारांना कुलपे घातली होती. खेळाडूंना प्रशिक्षकांशी बोलण्याचीही परवानगी नव्हती. व्हिडिओवरच्या बैठका तर दूरच. त्या उन्हाळ्यात न्यू ऑर्लीन्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज याने तुलेन विद्यापीठाच्या मैदानावर सहकाऱ्यांना जमवून स्वतःच सराव घेतला. पुढे तो संघ १३-३ (१३ विजय, ३ पराभव) असा राहिला आणि ब्रीजने एका हंगामात फेकींवर ५,४७६ यार्डांचा विक्रम केला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर मुख्य प्रशिक्षक जिम हार्बा नवा होता, तरीही त्यांनी १३ सामने जिंकले. म्हणजे "नवा संघ मागे पडेल" हे भाकीत नऊ वर्षांपूर्वीच एकदा तोंडघशी पडले होते, परंतु २०२० मध्ये त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

तळ्यातमळ्यात

चौथा_डाउन या नावाच्या सदस्याने ब्रेडीवर धागा काढावा हा योगायोग की खवचटपणा? ८ ऑक्टोबर २०२० ला शिकागोविरुद्ध तो चौथा डाउन (चेंडू पुढे नेण्याचा चौथा आणि शेवटचा प्रयत्न) संपल्यावरही चार बोटे दाखवत उभा होता. सामना २०-१९ असा हरले. प्लेबुक (खेळींची वही) पडद्यावर शिकता येते, परंतु चारपर्यंत मोजण्याचा सराव प्रत्यक्षच हवा, एवढाच निष्कर्ष मी काढतो.

चौथा_डाउन (धागाकर्ता)

हे नाव मी २०२० च्या पुष्कळ आधी घेतले आहे, याची नोंद घ्यावी. :)

जुनी_खेळी, २०११ चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, त्याबद्दल आभार.

शिट्टीवाला

मी धागाकर्त्यांशी असहमत आहे, आणि असहमतीचे कारण त्यांनी स्वतःच दिलेल्या निकालात आहे. आपण सर्व जण ७ फेब्रुवारीकडे पाहून सप्टेंबरविषयी बोलत आहोत.

तो हंगाम क्रमाने आठवून पाहा. १३ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात न्यू ऑर्लीन्सकडून ३४-२३ असा पराभव झाला. त्यात ब्रेडीच्या दोन फेकी प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या आणि त्यांपैकी एकीवर थेट टचडाउन झाला. ८ नोव्हेंबरला त्याच संघाने टॅम्पाला त्यांच्याच मैदानावर ३८-३ असे धुतले. नोव्हेंबरच्या अखेरीस रॅम्स आणि चीफ्स (कॅन्सस सिटी) या दोघांविरुद्ध २७-२४ असे ओळीने पराभव झाले आणि बारा सामन्यांनंतर संघ ७-५ वर अडकला. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) एका दिशेला वळतो आणि चेंडू दुसरीकडे पडतो, असे प्रसंग प्रत्येक सामन्यात दिसत होते. प्रशिक्षक ब्रूस एरियन्सची पद्धत लांब फेकींची, आणि ब्रेडीची वीस वर्षांची सवय चेंडू पटकन सोडण्याची. या दोघांचा मेळ बसायला हवा होता एप्रिल-मेमध्ये, आणि तो बसत होता प्रत्यक्ष सामन्यांत, गुण गमावून.

तेराव्या आठवड्यात सुट्टी मिळाली. त्यानंतर हा संघ आठच्या आठ सामने जिंकला: चार साखळीतले आणि चार बाद फेरीतले. त्या सुट्टीनंतर खेळाची आखणी स्पष्टपणे बदलली होती. चेंडू धावपटूच्या हाती देण्याचा आभास निर्माण करून मग फेकणे वाढले होते. माझ्या मते टॅम्पाचा ऑफसीझन (दोन हंगामांमधला तयारीचा काळ) रद्द झालाच नव्हता. तो सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालला आणि त्याची फी पाच पराभवांच्या रूपाने भरली गेली. त्यांच्याकडे ती फी भरण्याइतकी गुणवत्ता होती, सर्वांकडे नव्हती.

आणि "जुना संघ टिकेल" हे भाकीत चुकले असेही मला वाटत नाही. उपांत्य फेरीतील चार संघ होते कॅन्सस सिटी, बफेलो, ग्रीन बे आणि टॅम्पा. पहिल्या तिघांचे प्रशिक्षक आणि क्वार्टरबॅक जुनेच होते. चारांत तीन, हे चुकलेल्या भाकिताचे लक्षण नव्हे.

मंजिरी_पुन्हा

शिट्टीवाला यांचा प्रतिसाद आवडला, तथापि "ऑफसीझन सप्टेंबरला सुरू झाला" हे तितकेसे खरे नाही. मी त्या वर्षी टॅम्पातच राहत होते, आणि आमच्या शहरात त्या उन्हाळ्यात बातम्यांचे दोनच विषय होते, एक रुग्णसंख्या आणि दुसरा ब्रेडी.

एप्रिलमध्ये तो शहराच्या मध्यवर्ती भागातील एका बंद उद्यानात एकटाच व्यायाम करत होता. उद्यानाच्या कर्मचाऱ्याने त्याला बाहेर जाण्यास सांगितले, आणि हे महापौर जेन कॅस्टर यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले. त्याच महिन्यात तो आक्रमणाचे प्रशिक्षक बायरन लेफ्टविच यांच्याकडे म्हणून निघाला आणि शेजारच्या घरात सरळ आत शिरला. यजमानांची काय अवस्था झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. गंमत बाजूला ठेवली तरी या दोन्ही घटनांतून दिसते ते एवढेच की केंद्राचे दार बंद असल्यामुळे या माणसाला शिकण्यासाठी दुसरी दारे शोधावी लागत होती.

मेच्या उत्तरार्धात त्याने बर्कली प्रिपरेटरी या शाळेच्या मैदानावर सहकाऱ्यांना बोलावण्यास सुरुवात केली. तेथे प्रशिक्षक नव्हते आणि संघाचे वैद्यकीय कर्मचारीही नव्हते. सकाळी लवकर मंडळी जमत आणि दीड-दोन तास फेकाफेकी करून पांगत. हे ब्रीजच्या २०११ च्या सरावासारखेच होते. एवढा फरक मात्र होता की २०११ मध्ये हवेत विषाणू नव्हता.

आडवाटेचा_वाटसरू

मंजिरीताई, या शाळेच्या मैदानावरील सरावाचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. २० जूनला खेळाडू संघटनेच्या वैद्यकीय संचालकांनी, खेळाडूंनी एकत्र येऊन खाजगी सराव करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला होता. फ्लोरिडातील रुग्णसंख्या त्याच आठवड्यांत झपाट्याने वाढत होती. तीन दिवसांनी ब्रेडी आणि मंडळी पुन्हा त्याच मैदानावर होती, आणि त्याने समाजमाध्यमावर भीतीचीच भीती बाळगावी अशा अर्थाचे रूझवेल्ट यांचे वचन टाकले. रूझवेल्ट ते आर्थिक मंदीविषयी बोलले होते. साथीच्या रोगाला ते लागू करणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्याच जूनमध्ये संघटना मालकांशी चाचण्या, अंतर आणि पूर्वहंगामी सामने यांवर वाटाघाटी करत होती. सर्वांत प्रसिद्ध खेळाडूच आपल्या संघटनेचा सल्ला बाजूला ठेवत असेल तर समोरच्या पक्षाला आयताच मुद्दा मिळतो. शिवाय संघाचे प्रशिक्षक एरियन्स तेव्हा ६७ वर्षांचे आणि कर्करोगातून बरे झालेले होते. त्यांच्याच खेळाडूंनी थोडी अधिक सावधगिरी बाळगायला हरकत नव्हती.

मंजिरी_पुन्हा

वाटसरू, टीका मान्य आहे. मी कौतुक करत नव्हते, घडले ते सांगत होते. पण माझ्या लिहिण्याचा सूर तसा लागला असेल. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. तेव्हा तेथे जमणाऱ्या प्रत्येकाची परिस्थिती सारखी नव्हती. ब्रेडीचा करार पक्का होता. त्याच्यासोबत धावणाऱ्या, जागेची खात्री नसलेल्या रिसीव्हरला "येऊ का नको" हा प्रश्न खरोखर विचारता येत होता का, याबद्दल मला शंका आहे.

हाडवैद्य

मी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाच्या डावपेचांत मला गती नाही, परंतु "सराव कशासाठी" या प्रश्नाचे एक उत्तर शरीराकडेही आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

स्नायू तुलनेने लवकर तयार होतो. स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा फार सावकाश बदलतो आणि सावकाशच भार सहन करायला शिकतो. घरी वजने उचलून, सायकल चालवून खेळाडू दमदार राहू शकतो, मात्र पूर्ण वेगाने धावत येऊन एका पावलात थांबणे आणि दिशा बदलणे हा जो भार टाचेमागच्या कंडऱ्यावर पडतो, तो बैठकीच्या खोलीत निर्माण करता येत नाही. २०११ ची टाळेबंदी उठल्यावर संघ थेट शिबिरात उतरले आणि पहिल्या बारा दिवसांत टाचेच्या कंडऱ्याच्या दहा दुखापती नोंदल्या गेल्या. ही संख्या एवढी ठळक होती की त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख आला.

२०२० मध्ये हा धडा विसरला गेला नाही. जुलैच्या अखेरीस खेळाडू परतले तेव्हा पहिले काही दिवस केवळ चाचण्यांसाठी होते. मग आठ दिवस व्यायाम आणि हलक्या हालचाली झाल्या, मग हळूहळू वाढवत नेलेला सराव झाला, आणि अंगावर पूर्ण साधने चढवून धडका देण्याचा सराव १७ ऑगस्टला सुरू झाला. अशा सरावाच्या दिवसांची कमाल संख्या चौदा ठरवण्यात आली होती. पूर्वहंगामी सामने रद्द करण्यामागे संसर्गाइतकाच हा हिशेबही होता, कारण उपलब्ध आठवड्यांत शरीर तयार करणे आणि सामने खेळणे, दोन्ही बसत नव्हते.

तरीही २० सप्टेंबरला, हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात, निक बोसा आणि सॅक्वॉन बार्कली या दोघांच्या गुडघ्याचे अस्थिबंध एकाच दिवशी तुटले. यावरून सरावाच्या अभावाला दोषी धरता येत नाही, कारण असे अपघात कोणत्याही वर्षी होतात. पण तो दिवस पाहताना माझ्या मनात पहिला विचार तोच आला, हे कबूल करते.

तळ्यातमळ्यात

हाडवैद्य, "बैठकीच्या खोलीत निर्माण करता येत नाही" हे आमच्या घरी येऊन सांगा. आमचे चिरंजीव त्या वर्षी सोफ्यावरून पूर्ण वेगाने दिशा बदलत होते.

आडवाटेचा_वाटसरू

या चर्चेत एक वर्ग सुटतो आहे. ब्रेडीला पूर्वहंगामी सामन्यांची गरज नव्हती. तशी ती कोणत्याच प्रस्थापित खेळाडूला नसते. ते सामने असतात ड्राफ्टमध्ये (संघांकडून होणाऱ्या नवोदितांच्या निवडीत) कोणीच न निवडलेल्या मुलांसाठी. एरवी शिबिरात नव्वद खेळाडू असतात. त्या वर्षी अंतर राखण्यासाठी ही संख्या ऐंशीवर आणली गेली, म्हणजे प्रत्येक संघातून दहा मुलांना बोलावणेच आले नाही. जी आली त्यांना दिव्याखाली, अनोळखी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध स्वतःला दाखवण्याची एकही संधी नव्हती. ऑफसीझन कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर टॅम्पाच्या मुख्य संघाकडे मागून मिळणार नाही. ते या मुलांकडे आहे.

शिट्टीवाला

वाटसरू, भावना पटते, पण वस्तुस्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. त्याच वर्षी जॅक्सनव्हिलचा जेम्स रॉबिन्सन हा इलिनॉय स्टेटमधून आलेला, ड्राफ्टमध्ये न निवडलेला धावपटू पहिल्या सामन्यापासून संघात होता आणि त्याने १,०७० यार्ड काढले. एकही पूर्वहंगामी सामना न खेळता. म्हणजे प्रशिक्षकांनी शिबिरातच त्याला हेरले.

नवोदितांचेही तसेच. जस्टिन जेफरसनने पहिल्याच हंगामात १,४०० यार्डांचे झेल घेतले. जस्टिन हर्बर्टला दुसऱ्या आठवड्यात ऐनवेळी मैदानात उतरावे लागले आणि त्याने ३१ टचडाउन फेकून नवोदित क्वार्टरबॅकचा विक्रम केला. टॅम्पाचा ट्रिस्टन वर्फ्स, तेराव्या क्रमांकावर निवडलेला, पहिल्या दिवसापासून उजव्या टोकाला ब्रेडीचे रक्षण करत होता. या मुलांचा ड्राफ्टसुद्धा एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांच्या घराच्या तळघरातून जाहीर झाला होता.

आडवाटेचा_वाटसरू

रॉबिन्सन हा अपवाद आहे आणि अपवादाचे नाव आपल्याला माहीत असते, हीच अडचण आहे. ज्यांना बोलावणे आले नाही त्यांची नावे ना आपल्याला माहीत, ना कोणाला आठवत. शिवाय रॉबिन्सनला जागा मिळाली तीसुद्धा जॅक्सनव्हिलने ३१ ऑगस्टला धावपटू लेनर्ड फोर्नेटला मुक्त केले म्हणून. आणि फोर्नेट कोठे गेला?

मंजिरी_पुन्हा

टॅम्पाला! सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि सुपर बोलमध्ये २७ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. म्हणजे एका अर्थी जॅक्सनव्हिलच्या शिबिराने टॅम्पाला जिंकवले. :)

कुंपणावरचा

फारच माहितीपूर्ण चर्चा चालू आहे. या काळात घाबरून किंवा घरच्या काळजीने कोणी खेळायचेच नाही असे ठरवले नाही का? आमच्या कार्यालयात तर निम्मे लोक तयार नव्हते.

जुनी_खेळी

ठरवले, आणि त्याचा परिणाम थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या हंगामापुरते बाजूला राहण्याची मुभा सर्वांना होती आणि निर्णयाची मुदत ६ ऑगस्ट होती. वैद्यकीयदृष्ट्या जोखीम असलेल्यांना ३,५०,००० डॉलर मिळणार होते. इतरांना १,५०,००० डॉलर मिळणार होते, परंतु ते पुढील पगारातून वळते होणारी उचल म्हणून. साठाहून अधिक खेळाडूंनी हा पर्याय घेतला. सर्वाधिक आठ जण न्यू इंग्लंडचे होते. ब्रेडी गेलेला, त्यात हे आठ गेले, आणि तो संघ ७-९ वर थांबला.

सर्वांत आधी नाव जाहीर करणारा होता कॅन्सस सिटीचा गार्ड (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतला खेळाडू) लॉरां ड्युव्हर्ने-टार्डिफ. हा गृहस्थ मॅकगिल विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकून तो माँट्रियलला परतला आणि साथ पसरल्यावर वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला लागला. धोका पत्करायचाच असेल तर तो रुग्णांची सेवा करताना पत्करीन, अशी त्याची भूमिका होती.

आता पुढे पाहा. जानेवारीपर्यंत कॅन्सस सिटीच्या त्याच रक्षक फळीच्या दोन्ही टोकांचे खेळाडू, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर गेले. आतल्या बाजूचा अनुभवी गार्ड जुलैपासूनच नव्हता. अंतिम सामन्यात पॅट्रिक महोम्स फेकण्यापूर्वी किंवा पकडला जाण्यापूर्वी मागच्या मागे मिळून ४९७ यार्ड पळाला आणि त्याच्या संघाला एकही टचडाउन करता आला नाही. टॅम्पाच्या नेहमीच्या पहिल्या फळीतील कोणीही त्या वर्षी बाजूला राहिला नव्हता. त्यामुळे "टॅम्पा सराव न करता जिंकली" यापेक्षा "टॅम्पाची माणसे शेवटपर्यंत उभी होती" हे विधान मला अधिक अचूक वाटते.

हाडवैद्य

जुनी_खेळी, या माणसाबद्दल मला काहीच माहिती नव्हती. डावपेचांचे बाजूला राहू द्या, या एका प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

वाचनमात्र

बऱ्याच काळाने लिहितो आहे. चर्चा २०२० वर थांबली आहे, परंतु धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न पुढच्याच वर्षी खेळाडूंनी अधिकृतपणे विचारला होता. संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष जे. सी. ट्रेटर हे क्लीव्हलँडचे सेंटर (रक्षक फळीच्या मधोमध खेळणारे). त्यांच्या संघात २०२० मध्ये केव्हिन स्टेफान्स्की हे नवे मुख्य प्रशिक्षक आले होते. सगळी ओळखदेख पडद्यावर झाली, आणि तरीही संघ ११-५ असा राहून २००२ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये गेला. ट्रेटर यांचे म्हणणे असे की खेळ बिघडला नाही, उलट त्या हंगामात प्रति संघ प्रति सामना सरासरी २४.८ गुण झाले, जो विक्रम होता, मग एप्रिल-मेची प्रत्यक्ष हजेरी कायमची का वगळू नये? एप्रिल २०२१ मध्ये अनेक संघांच्या खेळाडूंनी ऐच्छिक सरावाला येणार नसल्याचे जाहीर केले, आणि त्यांत विजेती टॅम्पाही होती.

मग मे महिन्यात डेन्व्हरच्या जुवॉन जेम्सची टाचेची कंडरा केंद्राबाहेर व्यायाम करताना तुटली. तो संघटनेच्या आवाहनानुसारच बाहेर सराव करत होता. संघाने त्याची नोंद "खेळाबाहेरील दुखापत" अशी केली, म्हणजे पगार देण्याचे बंधन उरले नाही, आणि सुमारे एक कोटी डॉलर अडचणीत आले. केंद्रात तीच दुखापत झाली असती तर पगार सुरक्षित राहिला असता. त्या दिवसानंतर बहिष्काराचा जोर ओसरला. तेव्हा ऑफसीझन कशासाठी, या प्रश्नाला एक रोखठोक उत्तर हेही आहे की त्या दाराच्या आत विमा आहे.

शिट्टीवाला

उत्तम मुद्दा. केवळ २४.८ या आकड्याबद्दल एक शंका मांडतो. त्या वर्षी मैदाने रिकामी किंवा जवळजवळ रिकामी होती. पाहुण्या संघाच्या क्वार्टरबॅकला गोंगाटाचा त्रास नव्हता आणि यजमान संघांची एकत्रित कामगिरी १२७ विजय, १२८ पराभव व एक बरोबरी अशी, म्हणजे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. आक्रमणाच्या गुणांत पंचांनी पकडापकडीचे दंड कमी पुकारल्याचाही हातभार होता. गुण वाढले म्हणून सराव निरुपयोगी, असे गणित मांडता येणार नाही.

नव्या प्रशिक्षकांचा हिशेबही पूर्ण मांडू. त्या वर्षी ते पाच होते. क्लीव्हलँडचे ११-५ झाले, ते वाचनमात्र यांनी सांगितले. उरलेल्या चारांत डॅलस ६-१०, न्यू यॉर्क जायंट्स ६-१०, कॅरोलिना ५-११, आणि वॉशिंग्टन ७-९ असूनही दुबळ्या गटामुळे प्लेऑफमध्ये. पाचांत एक चमकला.

तळ्यातमळ्यात

दरवर्षीच्या नव्या प्रशिक्षकांचे प्रमाण तेवढेच असते की हो. साथ असो वा नसो.

शिट्टीवाला

तळ्यातमळ्यात, या धाग्यावरचा आपला पहिला गंभीर प्रतिसाद, आणि तोही माझ्या विरोधात. मान्य करतो.

चौथा_डाउन (धागाकर्ता)

सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. "प्रशिक्षकांच्या समाधानासाठी" हे माझे वाक्य मी अर्धे मागे घेतो. शरीराच्या तयारीबाबत हाडवैद्य यांचे म्हणणे आणि कडेवरच्या खेळाडूंबाबत वाटसरू यांचे म्हणणे मला खोडता येत नाही, आणि विम्याचा मुद्दा तर माझ्या गावीही नव्हता. मात्र डावपेच शिकवण्यासाठी एप्रिलमध्ये सर्वांना एका ठिकाणी गोळा करावेच लागते, हे मला अजूनही पटलेले नाही. शिट्टीवाला म्हणतात की टॅम्पाने फी भरली. मी म्हणतो की एप्रिलमध्ये केंद्र उघडे असते तरी त्यातली बरीचशी फी भरावीच लागली असती.

त्याला कारण आहे. काल तो अंतिम सामना पुन्हा पाहिला आणि गुणफलक वहीत उतरवून काढला. टॅम्पाचे चार टचडाउन: दोन रॉब ग्रॉन्कोव्स्कीचे, एक अँटोनियो ब्राउनचा, एक फोर्नेटचा. ग्रॉन्कोव्स्की निवृत्तीतून परतून एप्रिलमध्ये न्यू इंग्लंडकडून आला, फोर्नेट सप्टेंबरमध्ये, ब्राउन तर ऑक्टोबरच्या अखेरीस. चौघांपैकी तिघांतले टचडाउन ब्रेडीच्या फेकीवर होते आणि तोही मार्चमध्ये आलेला. आदल्या वर्षी टॅम्पात असलेल्या एकाही आक्रमकाचा त्या फलकावर टचडाउन नाही. एप्रिलमध्ये केंद्र उघडे असते तरी फोर्नेट आणि ब्राउन त्या सरावाला नसतेच.

मंजिरी_पुन्हा

"चौघांपैकी तिघांतले" हे काय झाले? टचडाउन चार, खेळाडू तीन, आणि फेकीवरचे तीन. ब्रेडीला हसलो, आता आपणही चारपर्यंत मोजताना अडखळलात.

चौथा_डाउन (धागाकर्ता)

चूक कबूल. चार टचडाउनपैकी तीन फेकीवरचे, असे वाचावे. नाव सार्थ झाले.

जुनी_खेळी

हिशेब पूर्णच करून टाकू. चार टचडाउनचे चोवीस, त्यांवरचे चार जादा गुण आणि एक ५२ यार्डांचा फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुणांचा), असे मिळून एकतीस. हे शेवटचे सात गुण रायन सकॉपच्या पायाचे. तोही सप्टेंबरच्या सुरुवातीला आलेला. म्हणजे एकतीसच्या एकतीस गुण त्या वर्षी नव्याने आलेल्या माणसांचे.

शिट्टीवाला

आणि नऊवर रोखणाऱ्या बचावफळीत बहुतेक सगळे जुने. अँटोइन विनफील्ड ज्युनियर तेवढा नवोदित. त्या फळीला कोणत्या उन्हाळ्याचे श्रेय द्यायचे, २०१९ च्या का?

चौथा_डाउन (धागाकर्ता)

त्यासाठी वेगळा धागा काढतो.